खांद्याला झेपेल तेवढेच काडतूस

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १५ नोव्हेंबरला कॅलेंडरवर सण नसतो, पण थाट सणाचाच असतो. बंदुकीने हरीण मारायचा हंगाम त्या दिवशी उघडतो, मग वार कोणताही असो. ग्रामीण भागातल्या कित्येक शाळा त्या दिवशी बंदच ठेवतात. मुले वर्गात येणार नाहीत हे मास्तरांना ठाऊक असते आणि मास्तरांनाही रानात जायचे असते. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा वर्षानुवर्षे हंगामाचा पहिला दिवस होता. २०१९ मध्ये तो शनिवारवर आणला, तेव्हा परंपरा मोडली म्हणून जुनी मंडळी बरीच कुरकुरली. देशभरात हरणे अंदाजे तीन कोटी, त्यांतली बहुसंख्य पांढऱ्या शेपटीची, आणि एका हंगामात साधारण साठ लाख हरणे मारली जातात. शिकार हा तिथे राजेरजवाड्यांचा शौक नाही. फ्रीजरमध्ये वर्षभराचे मांस भरून ठेवणाऱ्या साध्या घरांचा तो रिवाज आहे.

या घरांमध्ये दरवर्षी एक प्रश्न निघतो. पोरगी बारा वर्षांची झाली, यंदा तिला पहिल्यांदा रानात न्यायचे. तिच्या हातात कोणते काडतूस द्यावे? की आजोबांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि बंदूक तर सोडवत नाही. त्यांनी काय वापरावे? हरीण एका गोळीत पडले पाहिजे आणि उडवणाऱ्याचा खांदाही शाबूत राहिला पाहिजे. दुकानातली मांडणी या प्रश्नाला दोनशे उत्तरे देते, आणि त्यांतली काही साफ चुकीची असतात.

धक्क्याचे गणित न्यूटनचेच आहे. गोळी आणि तिच्यामागचा जळका वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातो तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. त्यामुळे हिशेबात चार गोष्टी येतात: गोळीचे वजन, तिचा वेग, दारूचे वजन आणि बंदुकीचे वजन. दारूकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण जळून वायू झालेली दारू गोळीपेक्षाही वेगाने नळीबाहेर पडते, आणि मोठ्या काडतुसात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमची.

आठ पौंडांची, म्हणजे साधारण ३.६ किलोची बंदूक धरली तर धक्क्याची ऊर्जा अशी निघते. .२२३ रेमिंग्टनला ३ फूट-पौंड. .२४३ विंचेस्टरला १०० ग्रेनच्या गोळीसह ९ च्या आसपास. जुन्या .३०-३० ला साडेनऊ, ६.५ क्रीडमूरला १२, ७ एमएम-०८ ला साडेबारा, .३०८ विंचेस्टरला १५, .३०-०६ ला १८० ग्रेनच्या गोळीसह २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला २६-२७. सर्वसाधारण माणसाला पंधरा फूट-पौंडांपर्यंतचा धक्का नेम न बिघडता सोसतो, असा बंदूकवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तो काही प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हे, पण अनुभवाला उतरतो. .३०-०६ हे अमेरिकन शिकाऱ्याचे शंभर वर्षांचे लाडके काडतूस या रेषेच्या पलीकडे पडते, ही गोष्ट ते वापरणाऱ्यांना मुळीच आवडत नाही.

बंदुकीचे वजन कमी केले की धक्का त्याच प्रमाणात वाढतो. डोंगरात वागवायला हलकी म्हणून हल्ली सहा पौंडांच्या बंदुका विकतात. त्याच .३०८ चा धक्का तिथे पंधरावरून विसावर जातो. पहाडात दहा मैल चालणाऱ्याला हा सौदा परवडतो. मचाणावर बसून राहणाऱ्या पोराला तो का परवडावा? तरी लहानांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुका बहुधा हलक्याच असतात, आणि सगळ्यात कमी वजनाच्या माणसाला सगळ्यात जोरदार धक्का बसतो.

खांदा दुखतो हे खरे तर दुय्यम. खरा घात अंग चोरण्याने होतो. दोन-चार जोरदार बार खाल्ले की शरीर पुढचा बार ओळखते. चाप ओढला जात असतानाच डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी खाली दबते. इंजेक्शनची सुई टोचण्याआधीच दंड आखडावा तसे हे आहे. इच्छाशक्तीचा इथे फारसा उपयोग होत नाही. शंभर यार्डांवर नळीचे तोंड केसभर हलले तरी गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात बसते, आणि पोटात लागलेले हरीण तासन्‌तास धावते. हे ओळखायची एक जुनी युक्ती सराव-मैदानावर चालते. दुसऱ्याने बंदूक भरून द्यायची, आणि खऱ्या काडतुसांमध्ये गुपचूप एक खोटे घालायचे. खोट्या काडतुसावर बार होत नाही, पण नळी मात्र झटका खाते. सहा फुटी धिप्पाड गड्यांचीही नळी अशी हलताना पाहिली की धक्का हा फक्त बायका-पोरांचा प्रश्न नव्हे, हे पटते.

मग हरणाला पुरे किती? हा वाद चुलीपाशी शंभर वर्षे चालला आहे. जुना हिशेब सांगतो की हरणापर्यंत पोहोचताना गोळीत हजार फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. कोलोरॅडो राज्याने तर तो कायद्यात घातला आहे: शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड, आणि हरणासाठी किमान ७० ग्रेनची, फुलणारी गोळी. पण .३०-३० चे साधे काडतूस दोनशे यार्डांवर हजाराच्या खाली येते. ज्या बंदुकीसाठी ते १८९५ मध्ये बाजारात आले ती विंचेस्टर १८९४ सत्तर लाखांहून अधिक विकली गेली, आणि तिने पाडलेल्या हरणांची गणती कोणी ठेवलेली नाही. त्या हरणांना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता.

या वादात हाती धरण्यासारखा पुरावा साउथ कॅरोलायनातला आहे. त्या राज्याच्या वन्यजीव खात्यातले चार्ल्स रूथ यांनी सीडर नॉल क्लब या शिकारी क्लबात मारलेल्या ४९३ हरणांची नोंद तपासली: गोळी कुठे लागली, कोणत्या बोअरची, कोणत्या जातीची, आणि त्यानंतर हरीण किती धावले. .२४ पासून .३० बोअरपर्यंतच्या गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक निघाला तो दोन ठिकाणी. खांद्यात गोळी लागलेली हरणे सरासरी जेमतेम तीन यार्ड गेली, छाती-फुप्फुसात लागलेली त्याहून कितीतरी जास्त. आणि मऊ, लवकर फुलणाऱ्या गोळ्यांनी मारलेली हरणे कठीण गोळ्यांनी मारलेल्यांपेक्षा कमी धावली. एका क्लबाची नोंद म्हणजे जगाचा कायदा नव्हे, पण तिचा रोख उघड आहे. हरणाला बोअर कळत नाही, गोळी कुठे आणि कशी लागली ते कळते. आणि कुठे लागली हे बरेचसे चाप ओढणाऱ्याच्या खांद्यावर ठरते.

मऊ, म्हणजे कमी धक्क्याच्या काडतुसांच्या यादीत पहिले नाव आजही .२४३ विंचेस्टरचे येते. १९५५ मध्ये .३०८ च्या कवचाची मान आवळून ते तयार झाले. त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ नावाचे जवळजवळ सारखेच काडतूस आणले आणि ते आपटले. कारण गमतीचे आहे. रेमिंग्टनने नळीतला पीळ १२ इंचांत एक फेरा असा ठेवला, म्हणजे खारी-कोल्ह्यांच्या हलक्या गोळ्यांना साजेसा. विंचेस्टरने तो १० इंचांत एक ठेवला आणि १०० ग्रेनची हरणाची गोळी नीट गिरकी घेत जाऊ लागली. कोल्हे आणि हरीण दोन्ही एकाच बंदुकीने मारू पाहणाऱ्या माणसाने .२४३ उचलली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ बदलून त्याच काडतुसाला ६ एमएम रेमिंग्टन असे नवे नाव दिले, पण गिऱ्हाईक गेले ते गेलेच.

हीच दुहेरी ओळख .२४३ घेणाऱ्याला आजही फसवते. दुकानात तिच्या ५५-५८ ग्रेनच्या चकाकत्या टोकाच्या गोळ्याही असतात, १०० ग्रेनच्याही. पहिल्या कोल्ह्यासाठी, त्या हरणाच्या खांद्याच्या हाडावर आदळून वरच्या वर फुटतात, आत पोहोचतच नाहीत. खोक्यावर बोअर तीच छापलेली, किंमतही जवळपास तीच, आणि हलक्या गोळीचा धक्का आणखी कमी, म्हणून पोरासाठी तेच खोके उचलणारे बाप निघतात. .२४३ मध्ये हरणासाठी ८५ ग्रेनच्या खाली उतरायचे तर गोळी तांब्याची घ्यावी.

६.५ क्रीडमूरचे कौतुक आता कंटाळा येईल इतके झाले आहे. हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये ते लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काढले आणि दहा वर्षांत कित्येक शिकाऱ्यांच्या हाती ते दिसू लागले. त्यात जादू काही नाही. स्वीडन-नॉर्वेमध्ये ६.५×५५ काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मूस नावाच्या घोड्याएवढ्या हरणावर चालते आहे, आणि क्रीडमूर बरेचसे तेच काम आखूड कवचात करते. लांब, सडपातळ गोळी वेग टिकवते, आत खोल जाते आणि धक्का .३०८ पेक्षा कमी देते. काडतूस प्रत्येक दुकानात मिळते, हा गुण शास्त्रात बसत नसला तरी मोठा आहे.

७ एमएम-०८ रेमिंग्टनला १९८० पासून असे नशीब लाभलेले नाही, आणि ते तिच्यावर अन्यायाचेच आहे. १४० ग्रेनची गोळी, २८६० फूट प्रति सेकंद वेग, धक्का साडेबाराच्या आसपास. .२४३ हलकी वाटते आणि .३०८ जड वाटते अशा माणसाला पहिला पर्याय म्हणून ही दाखवावी. क्रीडमूरपेक्षा अर्धा फूट-पौंड जास्त धक्का आणि थोडी जाड गोळी. एवढ्याच फरकावर लोक रात्र-रात्र भांडतात. .२५७ रॉबर्ट्स ही १९३४ ची जुनी गोड काडतूस-जात आता बहुतेक कपाटांतच उरली आहे. वारशाने मिळाली तर वापरावी, शोधत फिरू नये. .३०-३० चा धक्का कागदावर कमी, पण जुन्या बंदुकांच्या दस्त्याला कडक पत्रा असतो आणि तो हाडाला बोचतो. शिवाय नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाच्या बुडाला मागच्याचे टोक टेकते, म्हणून गोळ्या बोथट, आणि पल्ला दीडशे यार्डांचा.

.२२३ ही यादीत सगळ्यात खाली, आणि वाद सगळ्यात मोठा तिच्यावरच. टेक्सासमध्ये हरणावर ती चालते. व्हर्जिनियात .२३ पेक्षा बारीक बोअर हरणावर चालत नाही, म्हणजे ती बाद. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १९९१ च्या हरीण कायद्याने मोठ्या हरणांसाठी .२४० बोअर आणि १७०० फूट-पौंडांची किमान अट घातली आहे; .२२ च्या घरातली बोअर फक्त मंटजॅक आणि चिनी पाणहरीण अशा छोट्या जातींपुरती. भक्कम गोळी आणि शांत नेमबाज असला तर .२२३ हरीण पाडते, हे नाकारता येत नाही. पण नवखा माणूस शांत नसतो आणि त्याचे पहिले हरीण नेहमी तिरपेच उभे असते. त्याला चुकीला जागा देणारे काडतूस हवे, आणि .२२३ ती देत नाही.

मध्यपश्चिमेत कायद्यानेच या बाजाराला वेगळे वळण दिले. सपाट, दाट वस्तीचा मुलूख म्हणून ओहायोत आणि दक्षिण मिशिगनमध्ये रायफलला बंदी होती. हरीण मारायचे तर १२ बोअरच्या शॉटगनमधून औंसभर वजनाची एक जाड गोळी उडवायची, आणि तिचा धक्का पंचवीस फूट-पौंडांच्या पुढचा. किती तरी पोरांची शिकारीची हौस त्या एकाच बाराने फिटली असेल. २०१४ मध्ये दोन्ही राज्यांनी सरळ भिंतीच्या कवचाची रायफल काडतुसे चालू केली. मग विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजेंड हे काडतूस त्या नियमांच्या मापात बसवूनच काढले. १८० ग्रेनची गोळी, २१०० फूट प्रति सेकंद वेग, धक्का .२४३ एवढाच. दीडशे यार्डांपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत, पण मिशिगनच्या मक्याच्या शेतात त्याहून लांब पाहायचेच कोणाला असते?

आता दुसरी वाट. घरात आजोबांची .३०-०६ किंवा .३०८ आहेच, नवी बंदूक घ्यायला पैसे नाहीत किंवा मन नाही. त्यांच्यासाठी कारखानेच कमी धक्क्याची काडतुसे भरतात. रेमिंग्टनच्या मॅनेज्ड-रिकॉइलमध्ये १२५ ग्रेनची गोळी २६६० फूट प्रति सेकंदाने सुटते आणि .३०-०६ चा धक्का जवळपास निम्म्यावर येतो. हॉर्नाडीच्या कस्टम लाइटमध्ये .३०८ ला तितक्याच वजनाची गोळी २६७५ च्या वेगाने जाते. आठ पौंडी बंदुकीत धक्का पंधरावरून दहाच्या जवळ. फेडरलने वेगळा मार्ग धरला: गोळी जड, १७० ग्रेनची, पण वेग फक्त २०००.

दोन्ही पद्धतींत मेख एकच. शिकारीची गोळी आदळल्यावर फुलली पाहिजे, आणि फुलायला वेग लागतो. बहुतेक शिसे-तांबे गोळ्यांना साधारण १८०० फूट प्रति सेकंद तरी हवा. पूर्ण भारासाठी घडवलेली कठीण गोळी मंद वेगाने सोडली तर ती सुईसारखी आरपार जाते आणि हरीण धावत सुटते. म्हणून कारखाने या काडतुसांत मुद्दाम मऊ गोळी घालतात. कंपन्या स्वतःच पल्ला दोनशे यार्डांच्या आत धरायला सांगतात. फेडरलच्या मंद गोळीचा दीडशेच धरावा. नेम १०० यार्डांवर बांधला तर हॉर्नाडीची हलकी गोळी २०० यार्डांवर सुमारे चार इंच खाली लागते, फेडरलची त्याच्या दुपटीहून अधिक. याचा साधा अर्थ असा की दुर्बीण याच काडतुसावर नव्याने बांधायची. सराव मऊ काडतुसाने आणि रानात मात्र ‘खात्रीसाठी’ वडिलांचे पूर्ण भाराचे, असे केले की दोन्हीकडून नुकसान. अर्धस्वयंचलित बंदुकीत कमी दाबामुळे पुढचे काडतूस चढतच नाही असेही होते. बोल्टच्या बंदुकीला ती अडचण नाही.

काडतुसे घरी भरणारे तर हा सगळा खेळ स्वतःच करतात. हॉजडन कंपनीची एच-४८९५ ही दारू कमी भारासाठी प्रसिद्ध आहे आणि कंपनी त्यासाठी स्वतःचे कोष्टक देते. पण कोष्टकाबाहेर जाऊन सावकाश जळणारी दारू अर्धी भरणे धोक्याचे. अर्ध्या रिकाम्या कवचात दाब अचानक उसळून बंदूक फुटल्याची उदाहरणे आहेत.

तांब्याच्या गोळीने या गणितात नवी गाठ मारली आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. गिधाडासारखे काँडर पक्षी जखमी जनावरांच्या मढ्यातले शिसे खाऊन मरत होते. नॉर्थ डकोटात २००८ मध्ये दान केलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले, आणि गरिबांच्या अन्नकोठारांना ते मांस फेकायला सांगावे लागले. तांब्याची गोळी फुटत नाही, वजन गमावत नाही, म्हणून हलकी घेतली तरी पुरेशी आत जाते. .३०८ मध्ये १५० ग्रेनऐवजी १३० ग्रेनची तांब्याची घेतली की धक्का थोडा कमी होतो आणि काम तेवढेच होते. पण तांबे शिशापेक्षा कठीण, त्याला फुलायला वेग जास्त लागतो. म्हणून तांबे आणि मंद भार ही दोन चांगली कामे एकाच काडतुसात करू पाहणाऱ्याने खोक्यावरचा किमान वेग वाचून मगच पैसे द्यावेत.

काडतुसावर एवढी चर्चा होते, दस्त्यावर होत नाही. बारा वर्षांच्या मुलीला प्रौढ माणसाच्या साडेतेरा इंची दस्त्याची बंदूक दिली की ती मान ताणून दुर्बिणीत पाहते, खांद्याऐवजी दंडावर दस्ता टेकवते, आणि .२४३ सुद्धा तिला लागते. दस्ता इंच-दीड इंच कापून मागे चांगला रबरी गादीचा तुकडा लावायला काडतुसांच्या दोन-तीन खोक्यांएवढाच खर्च येतो. दुर्बिणीपासून डोळा साडेतीन इंच मागे हवा, नाही तर भुवईवर अर्धचंद्राकार जखम होते, आणि पुढच्या बाराला अंग चोरणे ठरलेलेच. नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक धक्का एक-तृतीयांशाने किंवा अधिकही कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. शेजारी बसलेल्या बापाचे कान त्याची किंमत मोजतात. सायलेन्सर धक्काही कमी करतो आणि आवाजही. इंग्लंडात तो रोजचा आहे. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने त्यावर नोंदणी आणि दोनशे डॉलरचा कर बसवला. कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी राहिली.

भारतातल्या वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटेल, आणि वाटावाच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात १९९१ ला दुरुस्ती झाली, आणि हौसेच्या शिकारीचा विषय इथे संपला. तरीही कमी धक्क्याच्या काडतुसाची एक गाजलेली साक्ष आपल्याकडचीच आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडून .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हे काडतूस म्हणजे जर्मन ७×५७ माउझरच, फक्त इंग्रजी नावाने. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्याच बंदुकीने पडला. आजच्या ७ एमएम-०८ पेक्षा ते जराही तगडे नाही.

आणि आपले चितळ टेक्सासमध्ये १९३२ पासून आहे. हिल कंट्रीच्या कुरणांत ते इतके माजले आहे की त्याला बंद हंगामच नाही. मांस चवदार, वजन तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाएवढेच, म्हणून .२४३ किंवा क्रीडमूर त्यावर सुखाने चालते. दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर सोडलेल्या नीलगायीची गोष्ट वेगळी. तिचा नर अडीचशे किलोंच्या वर जातो, कातडी जाड, हाडे मजबूत, आणि तिथले वाटाडे तिच्यासाठी .३०० मॅग्नमच मागतात. मऊ काडतुसांची यादी तिच्यापाशी थांबते. एच-१बी व्हिसावरच्या मराठी तरुणांना मित्राच्या रँचवरून निमंत्रण येते, तेव्हा एवढे माहीत असावे की तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकी संघीय कायदा मनाई करतो. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही. परवाना हातात आल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात घेऊ नये.

निवाडा असा. नवी बंदूक घ्यायची असेल तर मोठे काडतूस आणून त्याला नरम करत बसू नये. ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर घ्यावी, आणि अंगाने फारच लहान असेल तर .२४३, गोळी ९५-१०० ग्रेनची. सरळ भिंतीच्या काडतुसांच्या मुलखात .३५० लेजेंड. घरातलीच .३०८ किंवा .३०-०६ वापरायची असेल तर कारखान्यातली कमी धक्क्याची काडतुसे उत्तम, पण बंदी घातल्यासारखा पल्ला दीडशे यार्डांवर बांधून. ही काडतुसे कंपन्या वर्षातून ठरावीक वेळीच भरतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मांडणीवर त्यांची जागा रिकामी असते. म्हणून उन्हाळ्यातच एकाच लॉटची तीन-चार खोकी घ्यावीत, त्यांतली बहुतेक मैदानावर संपवावीत आणि शेवटचे खोके रानासाठी ठेवावे.